एका नोंदीला एकच बाप

अत-बाशी, १२ मार्च

आदरणीय दामिरा वहिनींना जिपारचा सलाम.

हे पत्र पोचेल तेव्हा घरातले सगळे धडधाकट असतील, मुकाश दादांची कंबर जागेवर असेल, तिन्ही मुलं शाळेत मार खात नसून देत असतील (तेही चांगलं नाही, पण त्यातल्या त्यात) आणि लाल गाय एव्हाना व्याली असेल, असं धरून चालते. इकडे आई ठणठणीत आहे. दिवसातून तीनदा आपण मरणार असल्याचं सांगते आणि चारदा जेवते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर लावता, आणि तुमच्या स्वयंपाकघरात कुठल्याही वेळी निदान दोन शेजारणी चहा पीत असतात. शिवाय मी फोनवर तीन वाक्यांपलीकडे बोलत नाही ही तुमचीच जुनी तक्रार. तिची भरपाई खाली केली आहे.

मुद्दा आधी सांगते, कारण पुढे मी फाटे फोडणार आहे. माझं आणि तालायचं लग्न एका प्रोग्रॅमने अडवलं. तालाय म्हणजे तोच जनावरांचा डॉक्टर, जो शरद ऋतूत तुमच्याकडे आला होता आणि न विचारता गाय तपासून गेला. नौरूझच्या सणानंतरच्या शुक्रवारी त्याच्या घरचे माझ्या कानात डूल घालून लग्न पक्कं करायला येणार होते. मेंढी ठरली होती. आणि मग त्याच्या काल्चा आजींनी मागणी केली, की मुलगी ज्या कचेरीत बसते त्याच कचेरीतून सात पिढ्यांत नातं नसल्याचा दाखला हवा. तो दाखला काढणारी व्यक्ती मीच. स्वतःच्या हाताने बटण दाबलं, आणि स्वतःच्या हाताने लाल अक्षरांतला कागद यंत्रातून ओढून काढला: ‘सातव्या पिढीत समान पूर्वज. विवाह निषिद्ध.’

आता हा प्रोग्रॅम काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याचं नाव सांदिक. म्हणजे आपल्या लग्नातली पेटीच, आणि नाव अगदी योग्य आहे: आत बरंच काही मावतं, झाकण कधी बोटावर पडेल सांगता येत नाही, आणि उघडल्यावर हवी ती गोष्ट तळाशी असते. आमच्या जिल्हा संग्रहालयाला तो तीन वर्षांपूर्वी देणगीत मिळाला. देणगी देणाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्यांच्या डोक्यातली वंशावळ म्हातारे जाण्याआधी कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यावी. कल्पना वाईट नव्हती. म्हणून तर मी बिश्केकमधली बरी नोकरी सोडून इथे आले. (आई विचारते तेव्हा हे कारण सांगत नाही. तिच्यासाठी आले असंच सांगते, म्हणजे ती दोन दिवस गप्प बसते.)

न्यायाने बोलायचं तर सांदिकचे गुण आहेत, आणि ते मी आधी नोंदवते, कारण नंतर माझी मनःस्थिती तशी राहणार नाही. त्याला इंटरनेट लागत नाही. आमच्या अकरा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर तो चालतो, निदान रांगतो. नऊ हजार माणसं एका फाइलीत बसतात आणि ती फाइल खिशात घालून नेता येते. दोन माणसांचा समान पूर्वज शोधायला त्याला एक सेकंद लागतो. हेच काम म्हाताऱ्यांना दिलं तर एक आख्खी संध्याकाळ, एक मेंढी आणि मध्ये एक भांडण लागतं, आणि शेवटी प्रत्येक जण आपापला पूर्वज घेऊन घरी जातो. आणि सांदिकला कुणाची भीड नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या पाचव्या आजोबांनी घोडे चोरले होते ही नोंद त्याने तीन वर्षं निमूट सांभाळली आहे.

गुण संपले.

पहिला दोष तारखेचा. जन्मतारीख भरल्याशिवाय तो पुढच्या रकान्यात जाऊ देत नाही. आपल्या लोकांना आजोबांचं जन्मसाल ठाऊक असतं ते असं: मेंढीचं साल, बर्फ उशिरा वितळला ते. सांदिकला दिवस, महिना, साल, तिन्ही हवे. बरं, एकोणीसशेच्या आधी माणसं जन्मत होती हे त्याला मान्यच नाही. तेव्हा आमच्या संचालकांनी, ओरोझाली साहेबांनी, तोडगा काढला: ज्याचं साल माहीत नाही तो एक जानेवारी एकोणीसशेचा. परिणामी आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी सहाशे चौदा पुरुष जन्मले. त्यांत बाप आहेत, त्यांचे मुलगे आहेत आणि एका घरात तर खापरपणजोबा ते नातू सगळे एकाच सकाळी. दर एक जानेवारीला सांदिक उघडला की तो सहाशे चौदा जणांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या असं सुचवतो, एकेकाला वेगळं. सहाशे चौदा वेळा ‘नंतर’ दाबल्याशिवाय काम सुरू होत नाही. मी मोजूनच सांगते आहे.

दुसरा दोष असा की फाइल एका वेळी एकालाच उघडता येते. हे चाललं असतं, जर तो एक जण मी असते. साहेब सकाळी येतात, फाइल उघडतात, आपल्या मामांच्या नावाकडे प्रेमाने बघतात आणि कुणाच्या तरी श्राद्धाच्या जेवणाला निघून जातात. खोलीला कुलूप, किल्ली खिशात. मग मी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून वाचत राहते: ‘फाइल ओरोझाली यांच्याकडे उघडी आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ मागच्या हिवाळ्यात हा थोडा वेळ चार दिवसांचा होता. श्राद्ध मोठ्या माणसाचं होतं.

तिसरा दोष ऐकून तुम्ही हसाल, पण मी हसले नव्हते. एक पूर्वज चुकून दोनदा भरला गेला होता. दुसरी नोंद काढायची होती. सांदिकने विचारलं, ‘संबंधित नोंदीही काढू का?’ साहेब शेजारी उभे होते. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाने कुठल्याही लेखी प्रश्नाला ‘नाही’ म्हटलेलं नसतं. माझ्या हातावरून हात घालून त्यांनी ‘होय’ दाबलं. पूर्वज गेला. त्याच्यामागून त्याची मुलं गेली, मुलांची मुलं गेली, चारशे बारा माणसं एखादी मेंढरांची रांग कड्यावरून जावी तशी एकामागून एक गेली, आणि सर्वांत शेवटी साहेब स्वतः गेले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आता या जिल्ह्यात जन्मलेले नाही. ते पांढरेफटक पडले. ‘मागे घे की ते! वर्डमध्ये बाण असतो ना उलटा!’ वर्डमध्ये असतो. सांदिकमध्ये नाही. पेन ड्राइव्हवर जुनी प्रत होती, आणि पेन ड्राइव्ह साहेबांच्या गाडीच्या किल्लीला अडकवलेला होता (शोभेला), आणि गाडी त्यांच्या जावयाने नारिनला नेली होती. तीन दिवस आमचे संचालक अस्तित्वात नव्हते. एकाही कामाचा खोळंबा झाला नाही.

हे सगळं मी सांदिक बनवणाऱ्यांना बिश्केकला लिहिलं. चौदा सूचना, क्रमवार, प्रत्येकीखाली उपाय. अंदाजे साल लिहिण्याची सोय. दोघांना एकदम काम करता यावं. काढलेलं परत आणता यावं. ही नोंद कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून भरली याची टीप. काहीही अशक्य मागितलेलं नव्हतं. मला दोन महिने दिले असते तर मीच करून दिलं असतं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, की आपल्या मोलाच्या सूचनांचा विचार करून नवी आवृत्ती पाठवत आहोत. नव्या आवृत्तीत बटणं निळ्याची हिरवी झाली आहेत आणि सुरुवातीला तंबूचं एक चित्र येतं. तंबूतून धूर निघतो. धूर पूर्ण निघेपर्यंत चाळीस सेकंद प्रोग्रॅम उघडत नाही.

आता चौथा दोष. सांदिकमध्ये एका नोंदीला बापाचा रकाना एकच आहे.

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे. बाहेरच्या जगात बरोबर असेल. पण आपल्याकडे थोरल्या मुलाचं पहिलं मूल म्हातारा-म्हातारी मागून घेतात, आपल्या नावावर लावतात, आणि ते मूल जन्मदात्याला दादा म्हणत वाढतं. हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. अडचण अशी की प्रत्येक अशा मुलामागे वंशावळीतली एक पायरी गाळली जाते. नातू मुलगा होऊन बसतो आणि पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. म्हातारे हे तोंडी सांभाळून घेत. सातवा म्हणताना डोळे मिचकावून आठवा धरत. सांदिकला डोळे मिचकावता येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी गावातले वडीलधारे सातार अक्साकाल कचेरीत आले. वय अठ्ठ्याऐंशी. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ तोक्तोसुन, वय एकाहत्तर, ज्यांना भिंतीवर लावायला वंशावळीचा छापील कागद हवा होता. कागद छापून झाला, सातार अक्साकालांनी चष्म्याशी नेऊन तो वाचला आणि काठी आपटली.

‘चूक आहे. हा माझा भाऊ नाही. माझा मुलगा आहे.’

‘दादा, गप्प बस,’ तोक्तोसुन म्हणाले. ‘पोरीसमोर काय हे?’

‘किती दिवस गप्प बसू? मला अठ्ठ्याऐंशी लागलंय. थडग्यात बसून सांगू का?’

‘सत्तर वर्षं दादा म्हटलं. आता बाप म्हणायला या वयात नवं तोंड कुठून आणू?’

‘तू म्हणू नकोस रे! यंत्राला म्हणू दे!’

साहेब चहा सांगायच्या निमित्ताने पळाले. मी दोघांना बसवलं आणि एक नियम तिथल्या तिथे तयार केला, टाइप केला आणि भिंतीला चिकटवला: जन्माची नोंद बदलायची असेल तर जन्मदात्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला, सही केलेला कागद हवा; तो नसेल तर सरकारी दाखल्यावर जे आहे तेच राहील. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा धरला जाणार नाही. नियम बरा आहे. मी आजही तो बदलणार नाही. सातार अक्साकालांनी अर्धं पान लिहायला पाऊण तास घेतला. मी नोंद करायला गेले तर सांदिक म्हणाला, या व्यक्तीला बाप आहे, आधीचा बाप काढू का? (आणि संबंधित नोंदीही.) शेवटी मी त्याच्या पोटात एक वेगळा तक्ता घुसवला, त्यात ‘वाढवणारा’ आणि ‘जन्मदाता’ असे दोन रकाने केले आणि मोजणी जन्मदात्याच्या रकान्याला जोडली. या कामाला चार दिवस लागले आणि त्याचं श्रेय सांदिकला अजिबात नाही. तोक्तोसुन नवा कागद घेऊन टोपीखाली ठेवून म्हणाले, ‘चल दादा, जेवायला उशीर होतोय.’ सातार अक्साकाल उठले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं नाही, मी फाइल बंद करत होते.

तर मागच्या महिन्यात मी जो लाल कागद काढला त्याचा हिशेब असा. सांदिकप्रमाणे जिपार ही बाबांची मुलगी. तिथून मोजलं की आमचा समान पूर्वज काराबेक हा माझा सातवा बाप, तालायचा आठवा. आठवा चालतो, सातवा चालत नाही. काल्चा आजींनी कागद उलटा धरून बराच वेळ वाचला, मग सुलटा धरून वाचला, आणि मेंढी परत पाठवली.

मी त्यांच्याकडे गेले. तालाय अंगणात एका शिंगरूच्या तोंडात हात घालून उभा होता आणि त्याने तो बाहेर काढला नाही, हे त्याचं शहाणपण. आजींनी मला दुधाचा चहा दिला, भाकरीचा तुकडा मोडून हातात ठेवला आणि म्हणाल्या, ‘अगं, तू कुणाची ते आख्ख्या गावाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. तुझ्या बारशाला मीच तर नाचले होते.’

‘मग अडलं कुठे?’ मी विचारलं.

‘कागदावर अडलं. आधी कागद नव्हता तेव्हा गावाचं माहीत असणं पुरत होतं. आता कागद आलाय, तो म्हणतो नाही. गावाला कागदाशी भांडता येतं का? कागदाशी कागदच भांडेल.’

वहिनी, या बाईला लिहिता येत नाही, पण गेल्या तीन वर्षांत सांदिकविषयी कुणी इतकं नेमकं बोललेलं नाही.

म्हणून घरी येऊन मी आईपुढे विषय काढला. कणीक मळत होती. मी सरळ सांगितलं, की नोंद बदलायची तर मी बाबांची मुलगी नसून नात आहे असं लिहावं लागेल. दादांचा कागद लागेल. आणि एक पिढी खाली गेल्यावर काराबेक आठवा होईल. मला हे आठव्या वर्षापासून माहीत आहे, तुम्हालाही ते मला माहीत असल्याचं माहीत आहे, आणि आईला हे सगळं माहीत आहे. तरी तिचे हात थांबले. मग म्हणाली, ‘लिही काय लिहायचं ते. तुझं घर उभं राहत असेल तर लिही. पण उद्या उठून मला आजी म्हणालीस, तर या दारातून आत येऊ नकोस.’ मी म्हटलं, म्हणणार नाही. ती म्हणाली, ‘पीठ आण अजून.’

एवढंच सांगायचं होतं. मुलांना माझे आशीर्वाद. दादांना म्हणावं ट्रॅक्टरखाली झोपताना खाली काहीतरी अंथरत जा. आई तुम्हाला वाळवलेलं मांस पाठवते आहे. त्यातलं निम्मं टॅक्सीवाला खाईल हे गृहीत धरून दुप्पट पाठवलं आहे.

आपली,
जिपार

ता. क. टॅक्सीवाला शनिवारी परतीच्या वाटेवर तुमच्याकडे थांबेल. त्याच्याबरोबर एक कागद द्या. पाकीट नीट चिकटवून, तो वाचतो. मजकूर फार नको: मी, दामिरा, अमुक साली, अमुक महिन्यात, जिपार हिला जन्म दिला. खाली सही. नाव लिहावं लागेल. सासरच्या माणसांची नावं सून घेत नाही हे मी जाणते, आणि सव्वीस वर्षं तुम्ही मला ‘धाकट्या वन्सं’ म्हणत आलात, माझं नाव तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. पण लिहिणं म्हणजे उच्चारणं नव्हे. आईला विचारलं आहे. ती म्हणाली, लिहू दे.

ता. क. २. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजे चालेल. बर्फ होतं की नव्हतं, एवढं लिहिलंत तरी पुरे.

ता. क. ३. सगळं नेमकं सांगायचं तर, मुकाश दादांचा कागद मला मागच्या मंगळवारीच मिळाला. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसावं, ते कुणाला काही सांगत नाहीत. चार ओळी आहेत, कोपऱ्याला ट्रॅक्टरचं तेल, आणि ‘माझी मुलगी’ हे शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिलेले. बुधवारी मी नोंद भरली. काराबेक आठवा निघाला, सांदिकने हिरव्या अक्षरांत ‘विवाहास हरकत नाही’ असं छापलं, काल्चा आजींनी तो कागद कुणाकडून तरी दोनदा वाचून घेतला, आणि डूल ठरल्या शुक्रवारी येत आहेत. तुम्ही दोघांनी आदल्या दिवशीच यावं. बापाची सही पुरते. सांदिकमध्ये आईचा रकानाच नाही. तीन वर्षांत ही उणीव माझ्या लक्षात आली नव्हती. तुमचा कागद तिथे कशालाच लागणार नाही.

तरी पाठवा.